बारशाला निघालेली गोधडी

आमच्या आत्यांइतकी देखणी गोधडी सबंध गिरगावात कुणी शिवली नाही, आणि त्यांच्याइतकी उशिरा तर सबंध हिंदुस्थानात कुणी शिवली नसेल. आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्या, नात्यानं माझ्या आत्येसासूबाई. पण आमच्या चाळीत तळमजल्यावरच्या गिरणीवाल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या नुकत्या बोलायला लागलेल्या पोरापर्यंत सगळे त्यांना आत्याच म्हणत. मी पेणहून लग्न होऊन गिरगावात आले तेव्हा त्यांनी नुकती पन्नाशी गाठली होती. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा वसंता सरकारी कचेरीत कारकून, आणि आमच्या बिऱ्हाडाला लागूनच त्यांच्या दोन खोल्या. ठेंगणी, गोरी, गोल मूर्ती. नाकाच्या शेंड्यावर आलेला चष्मा. आणि खांद्याजवळ पदराला कायम टोचलेली, दोरा ओवलेली सुई. अंगावर दागिना म्हणून एवढाच. चाळीतली लहान मुलं त्यांच्या गळ्यात पडायची ती उजव्या बाजूनं, कारण डावीकडून पडलेली एकदा पडायची आणि शहाणी व्हायची.

माझ्या लग्नात त्या मला गोधडी देणार होत्या. तसं त्यांनी लग्न ठरलं त्या दिवशीच जाहीर केलं होतं, आणि आत्यांचं जाहीर करणं म्हणजे गॅलरीत उभं राहून, चारही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. लग्नाच्या दिवशी मांडवात त्या माझ्यापाशी आल्या आणि हातात एक कागदी पुडी ठेवली. उघडली तर आत चार तुकडे जोडून शिवलेला एक कोपरा. "बाकीची होतेय," त्या शांतपणे म्हणाल्या. माझी आई बिचारी भांबावली. मुंबईकडची काही रीत असेल असं समजून तिनं त्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं. उरलेली गोधडी आली ती माझी मोठी मुलगी रांगायला लागल्यावर. पण आली ती अशी, की मनात धरलेली अढी मी तिथल्या तिथं विसरले. जांभळ्या खणाशेजारी पिवळट झालेलं मलमल, त्याला लागून विरलेल्या इरकलीचा काठ, आणि सगळ्यावरून मुंग्यांची रांग चालावी तसा बारीक, एकसारखा धावदोरा. हात फिरवला की वाटायचं, कुणीतरी आपल्या पाठीवरून हात फिरवतंय.

उशीर होण्याचं कारण आळस नव्हे. आत्या दिवसभर शिवत. भात शिजेपर्यंत शिवत, शिजल्यावर करपेपर्यंत शिवत. पण त्यांची नजर वाईट. वीतभर ओळ शिवून झाली की गोधडी लांब धरायची, मान वाकडी करायची, आणि "छे! हा टाका बघ कसा दारू प्याल्यासारखा उभा आहे" असं म्हणून सगळी ओळ उसवायची. तो टाका मला कधीच दिसला नाही. कुणालाच दिसला नाही. शिवाय प्रत्येक वेळी मुदत सांगताना त्या काहीतरी सोडत. जोशीणबाईंच्या नातवाचं दुपटं होईपर्यंत त्यांनी साखर सोडली. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर त्यात गूळ. मी बघितल्यावर म्हणाल्या, "साखर सोडलीय. गुळाचं नाव मी घेतलं नव्हतं." माझ्या मोठ्या नणंदेची उशी होईपर्यंत भात सोडला आणि महिनाभर पोहे, तांदळाच्या शेवयांचे शिरवाळे आणि तांदळाची भाकरी खाल्ली. मुदत टळली की कुणी काही बोलायच्या आत त्याच म्हणत, "तारीख मी ठरवली, मीच मोडली. तुमचं काय गेलं?"

तुकडे गोळा करण्याची त्यांची तऱ्हा तर वेगळीच. माणसाशी बोलताना आत्या तोंडाकडे बघत नसत, कपड्यांकडे बघत. माझा शालू दोन बोटांत धरून, लग्नाला आठवडा झाला नव्हता तेव्हा, मायेनं म्हणाल्या होत्या, "सुरेख आहे. फाटला की मला सांग हं." आमच्या ह्यांचा एखादा सदरा दोरीवरून नाहीसा झाला की तो कुठं शोधायचा ते मला ठाऊक असे. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना त्यांनी विचारलं, "हे उपरणं तुम्ही अजून किती वर्षं वापरणार?" गुरुजी पुढच्या वर्षी पंचा गुंडाळून आले. आणि समोरच्या इमारतीतल्या कपड्याच्या दुकानवाल्या कांताबेनशी तर त्यांचं बहिणीसारखं होतं. दोघी आपापल्या गॅलरीतून, मधला रस्ता जणू नाहीच असं समजून, अर्ध्या मराठीत अर्ध्या गुजराथीत तासन् तास बोलत, आणि महिन्याकाठी बेनच्या दुकानातल्या चिंध्यांचं गाठोडं आमच्या चाळीत येई.

हे सगळं चालू असतानाच ते दिवस आले. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि आमची चाळ रस्त्यावर उतरली. आत्याही उतरल्या, शिवणाच्या पिशवीसकट. चौपाटीची सभा असो की शिवाजी पार्कची, आत्या पुढच्या रांगेत जमिनीवर मांडी घालून बसलेल्या, मांडीवर गोधडी, आणि टाळी पडायच्या वेळी सुई दातात धरून टाळी वाजवायच्या. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" असं कुणी म्हटलं की "झालाच पाहिजे!" मध्ये त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर. आमच्या चाळीतल्या टारगट पोरांनी त्याचीही चाल लावली होती. आत्या जिन्यातून खाली उतरताना दिसल्या की एक ओरडे, "आत्याची गोधडी..." आणि बाकीचे, "झालीच पाहिजे!" आत्या रागवत नसत. "आधी ते होऊ दे, मग हे होईल," म्हणत.

एकदा ठाकूरद्वारच्या नाक्यावर पोलिसांनी लाठ्या उगारल्या. गर्दी फुटली, लोक वाट फुटेल तिकडं पळाले. मीही आत्यांचा दंड धरून ओढू लागले. आत्या जागच्या हलेनात. रस्त्याच्या मधोमध वाकून त्या काहीतरी शोधत होत्या. एक शिपाई धावत आला. आत्यांनी त्याला हातानं थोपवलं आणि खेकसल्या, "थांब! पाय टाकू नकोस. सुई पडलीय माझी. कुणाच्या टाचेत गेली म्हणजे?" तो थांबला. कोकणातलाच असावा. लाठी काखेत मारून तो वाकला, त्याच्यामागून आलेला दुसराही वाकला, आणि क्षणभर त्या नाक्यावर सरकारचे दोन शिपाई आणि चळवळीतली एक बाई मिळून सुई शोधत होती. सापडली ती आत्यांच्याच पदराला. "बरं झालं," त्या शिपायांना म्हणाल्या, "आता तुमचं काय चाललं होतं ते चालू द्या."

पण सगळे दिवस असे हसण्यासारखे नव्हते. गोळीबाराच्या वेळी आमच्या मागच्या गल्लीतला एक मुलगा गेला. मिरच्या-कोथिंबीर आणायला खाली उतरला होता. जन्मला तेव्हा आत्यांनी त्याला टोपडं शिवलं होतं. ते त्याला झालं नाही म्हणून धाकट्या बहिणीनं घातलं. आत्या त्याच्या आईपाशी दिवसभर बसून आल्या, आणि त्या दिवसापासून त्यांच्या बोलण्यात एक धार आली. पूर्वी समोरच्या गॅलरीशी चालायच्या त्या गप्पा आखूड झाल्या. कांताबेनवर त्यांचा राग नव्हता. पण रस्ता आता दोघींनाही दिसायला लागला होता.

नेमक्या त्याच काळात वसंतानं लग्न ठरवलं. संध्याकाळची वेळ. आत्या मोर्च्याहून आल्या होत्या, आणि घोषणा देऊन देऊन त्यांचा घसा पार बसला होता. मी त्यांच्यासाठी हळदीचं दूध घेऊन गेले होते, म्हणून मी तिथं होते. वसंता दारातच उभा राहिला. हा आईपेक्षा वीतभर उंच, आणि आईच्या निम्म्यानंही न बोलणारा मुलगा.

"आई, मी लग्न करतोय."

आत्यांनी भुवया उंचावून 'कोण' असं विचारलं.

"हंसा. आमच्या कचेरीत टायपिस्ट आहे. भुलेश्वरला राहतात." मग जरा थांबून, "गुजराथी आहे."

आत्यांनी पेला खाली ठेवला. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं. ज्या बाईचा आवाज चौपाटीवर शेवटच्या माणसापर्यंत जायचा तिला घरातल्या घरात, तीन हातांवर उभ्या असलेल्या मुलाशी बोलायला आवाज नव्हता. बराच वेळ धडपडून घशातून एकच अक्षर फुटलं, "जा."

वसंता उभा राहिला. आईच्या घशाचं त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण तो शब्द इतका हळू आणि इतका कोरडा निघाला होता की पुढं काही असेल असं त्याला वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. तो वाकून आईच्या पाया पडला आणि गेला. लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. आमचे हे साक्षीला होते, हे आत्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते ठाऊक नसल्यासारखं दाखवलं. वसंता आणि हंसानं परळला एका चाळीत खोली घेतली. आत्या घरात गोधडीचे चौकोन कापत बसल्या. कुणी विचारलं तर म्हणत, "मोर्च्यातल्या पोरांना काय तोंड दाखवू मी?" पोरांना त्याचं काही नव्हतं. ती वसंताच्या लग्नाचे पेढे केव्हाच खाऊन बसली होती.

वर्ष-दीड वर्ष असंच गेलं. मग एक दिवस ह्यांनी बातमी आणली की हंसाला दिवस गेलेत. मी ती आत्यांना सांगितली. त्या ऐकत होत्या की नाही कळेना. सुईत दोरा ओवत होत्या आणि दोरा सारखा नेढ्याच्या बाजूनं जात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्या गॅलरीत आल्या, कठड्याला धरून उभ्या राहिल्या, आणि चारही मजल्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझ्या नातवंडाच्या बारशाला मी गोधडी घेऊन जाणार! तोवर चहा सोडला!" सकाळची वेळ, नळावर गर्दी. सगळ्या बायका वर बघायला लागल्या. मला वाटलं, आता कॉफी सुरू होईल. पण झाली नाही. ह्या वेळी त्यांनी पळवाट ठेवली नव्हती.

त्या गोधडीसाठी आत्यांनी सगळी चाळ धुंडाळली. माझ्या शालूचा पदर मी आपण होऊन कापून दिला. जोशीणबाईंनी सासूच्या लुगड्याचा काठ दिला. वसंताच्या बारशातलं अंगडं आत्यांनी ट्रंकेच्या तळाशी ठेवलं होतं, ते मधोमध बसवलं. आणि एका दुपारी, कितीतरी दिवसांनी, त्या समोरच्या गॅलरीकडे तोंड करून म्हणाल्या, "कांताबेन, बांधणीचा एक तुकडा असेल का हो? चांगला द्या. चिंधी नको." कांताबेननं आख्खी नवी बांधणी कापून दिली आणि रस्ता ओलांडून स्वतः आणून दिली. दोघी बराच वेळ बसल्या. मी चहा नेला तो एकटीच्या वाटणीचा.

हंसाला मुलगा झाला. बारशाच्या आदल्या दिवशी गोधडी जवळजवळ झाली होती. एक बाजू तेवढी राहिली होती. मी म्हटलं, आत्या, आज बसू आपण दोघी. संध्याकाळी गेले तर शिवून झालेल्या दोन बाजू त्यांनी उसवून ठेवल्या होत्या. जमिनीवर दोऱ्यांचे तुकडे पडलेले, आणि आत्या त्यांच्याकडे बघत बसलेल्या.

"आत्या, हे टाके चांगले होते."

"वाकडे होते."

"नव्हते हो. मी बघितलेत."

त्यांनी पायाशी पडलेले दोरे गोळा केले. मग चष्मा काढून पदरानं पुसत म्हणाल्या, "कुसुम, मी गेले आणि ती दार उघडून नुसती बघत राहिली तर? 'या' म्हटलं नाही तर?"

"असं कसं करेल हंसा?"

"का नाही करणार? मी 'जा' म्हटलंय तिच्या नवऱ्याला." आणि मग त्या वेळपर्यंत कुणालाच माहीत नसलेली गोष्ट त्यांनी सांगितली. "मला 'जाऊ दे' म्हणायचं होतं गं. 'जाऊ दे, आण तिला घरी.' आधी राग आला होता, नाही असं नाही. पण तो दारात तसाच उभा होता नं, त्याच्याकडे बघता बघता गेला. तर मेला पुढचा आवाजच फुटला नाही. आणि नंतर घसा सुटला तेव्हा तो गेलेला."

"मग हेच सांगा की जाऊन."

"सांगेन. गोधडी होऊ दे. रिकाम्या हातानं कशी जाऊ?"

बारसं झालं. मग त्यांनी उष्टावणाची मुदत घातली. तीही गेली. चहा सुटलेला तो सुटलेलाच. सकाळी सगळ्या चाळीत चहाचा वास सुटला की आत्या गॅलरीतून आत जात आणि दार लोटून घेत. वसंतानं ह्यांच्याकडे दोनदा निरोप पाठवला, आईला म्हणावं नुसती ये. आत्या म्हणत, "आता मुलाच्या वाढदिवसाला. नक्की." आणि मला खरंच वाटत होतं की वाढदिवसाला त्या जातील. कारण आता उसवणं कमी झालं होतं. कधी कधी सबंध दिवस न उसवता जाई.

मग आमच्या सगळ्यांच्या मनासारखं झालं. मुंबई आपली झाली. दोन राज्यं वेगळी होणार हे नक्की झालं आणि चाळीत साखर वाटली गेली. आत्यांना पोरांनी खुर्चीवर बसवून गॅलरीभर मिरवलं. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. पण राज्य वेगळं झालं म्हणजे सरकारी कचेऱ्याही वेगळ्या, आणि कारकुनांचीही वाटणी. ह्यांनी एका संध्याकाळी आत्यांच्या दारात उभं राहून, चप्पल पायातच ठेवून सांगितलं, "आत्या, वसंताचं नाव अहमदाबादच्या यादीत आहे. हंसाचे वडीलही तिकडंच गेलेत. येत्या रविवारी निघतात संध्याकाळच्या गाडीनं."

आत्यांनी विचारलं, "नाही म्हणता येत नाही?"

"म्हणता आलं असतं," हे म्हणाले. "त्यानं म्हटलं नाही."

त्यानंतर आत्यांनी जसं शिवलं तसं मी त्यांना कधी शिवताना पाहिलं नाही. लांब धरून बघणं नाही, मान वाकडी करणं नाही. जेवण माझ्याकडून जायचं ते तसंच परत यायचं. चाळीतल्या बायका आल्या, म्हणाल्या, आत्या, चार बाजूंना चौघी बसतो, दुपारपर्यंत हातावेगळी होईल. आत्यांनी मान हलवली. "इतके दिवस मी उसवलीय, आता मीच शिवते. दुसऱ्या कुणाच्या टाक्यानं जायची नाही ही." रविवारी दुपारी शेवटची बाजू राहिली होती, तीही सगळी नव्हे, अर्धी. मी घड्याळाकडे बघून म्हटलं, "आत्या, आता तशीच घ्या. राहिलेली तिथं बसून शिवा. हंसाच्या घरी."

हे त्यांना एकदम पटलं. सुई गोधडीतच टोचली, गोधडी पिशवीत भरली आणि त्या इतक्या भरभर जिना उतरल्या की मला त्यांच्यामागून धावावं लागलं. घराला कुलूप मी घातलं. हे आधीच परस्पर मुंबई सेंट्रलला गेले होते, सामानाला मदत म्हणून.

आम्ही ट्रामनं निघालो. लालबागला ट्राम थांबली ती थांबलीच. नव्या राज्याच्या आनंदाची मिरवणूक होती. पुढं लेझीम, मागं गुलाल, रस्त्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं. जिथं तिथं पताका. एरवी आत्या ट्राममधून उडी टाकून मिरवणुकीत शिरल्या असत्या. त्या पिशवी छातीशी धरून समोर बघत बसल्या होत्या. एका पोरानं खिडकीतून हात घालून त्यांच्या कपाळाला गुलाल लावला, तो त्यांनी लावू दिला. शेवटी आम्ही उतरलो आणि गर्दीतून वाट काढत परळपर्यंत चालत गेलो.

वसंताच्या खोलीला कुलूप होतं. शेजारची एक मालवणी बाई दारात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. तिनं आम्हांला खालवर न्याहाळलं. "तुमी खयसून इलात?"

मी सांगितलं, ह्या वसंताच्या आई, गिरगावातून.

तिनं सूप खाली ठेवलं. "अगो बाय माझे! ते तुमच्याकडेच गेले मगे. टॅक्सी करून गेले. आईक भेटान मगे टेसनार जातंव, म्हणान सांगून गेले. सूनबायनंच लावून धरल्यान हो. नवरो नको नको म्हणी होतो."

आत्यांनी आयुष्यात पहिल्यांदा टॅक्सी केली. येताना आम्ही दुसऱ्या वाटेनं आलो, पण गल्लोगल्ली लोक आनंदात होते आणि प्रत्येक नाक्यावर टॅक्सी मुंगीच्या पावलानं चालत होती. टॅक्सीवाल्याला आत्या एकदाही 'लवकर चल' म्हणाल्या नाहीत. आम्ही चाळीत पोचलो तेव्हा जोशीणबाई जिन्याच्या तोंडाशीच उभ्या होत्या. त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळलं.

"आले होते हो," त्या म्हणाल्या. "बराच वेळ बसले माझ्याकडे. बाळ इथं गॅलरीभर रांगत होतं. कुणाकडेही जातं, नवखं म्हणून रडत नाही. शेवटी गाडीची वेळ झाली. तुमची सून जाता जाता तुमच्या उंबरठ्यावर डोकं टेकून गेली."

मी म्हटलं, "आत्या, टॅक्सी अजून खाली आहे. सेंट्रल इथंच आहे. चला."

आत्यांनी जोशीणबाईंच्या दारातून दिसणाऱ्या घड्याळाकडे बघितलं. गाडी सुटून गेलेली होती. तेवढं त्यांनाही कळत होतं, मलाही. त्या माझ्याकडे किल्ली मागायलाही थांबल्या नाहीत. तिथंच उंबरठ्याशी, बंद दाराला पाठ लावून बसल्या. पिशवीतून गोधडी काढली, टोचलेली सुई शोधली, आणि राहिलेली बाजू शिवू लागल्या. हे स्टेशनावरून आले तेव्हा त्यांचा शेवटचा टाका पडत होता. ह्यांनी सांगितलं, गाडी हलेपर्यंत हंसा खिडकीतून फलाटाच्या जिन्याकडे बघत होती. आत्या 'हं' म्हणाल्या. मी आमच्या घरात जाऊन चहा टाकला आणि त्यांच्यापुढं ठेवला. गोधडी झाली होती, आता काही हरकत नव्हती. त्यांनी घोटभर घेतला आणि पेला बाजूला सरकवला.

तुम्ही म्हणाल, अहमदाबाद काही विलायतेत नाही. खरं आहे. वसंता कचेरीच्या कामाला वर्षातून एकदा-दोनदा मुंबईत येई, आईकडे उतरे, आईच्या हातचं जेवे. दोघांत राग उरला नव्हता. 'जाऊ दे'ची गोष्ट आत्यांनी त्याला पहिल्याच खेपेला सांगितली, आणि तो एवढा मोठा माणूस पाटावर बसून लहान मुलासारखा रडला. गोधडी त्याच्याबरोबर पाठवायची मात्र आत्यांची तयारी नव्हती. स्वतःच्या हातानं द्यायची होती. आणि निघायचं म्हटलं की वाटे, पोर एव्हाना वाढलं असेल, ही पुरायची नाही. मग चारी बाजूंनी चौकोनांची एक नवी ओळ. ती शिवून होईपर्यंत पोर आणखी वाढलेलं. हंसाला दुसऱ्या खेपेला मुलगी झाली, तिला घेऊन लांबचा प्रवास जमेना. इकडं आत्यांचे गुडघे धरले. हंसा 'या' म्हणे, आत्या 'येतेच' म्हणत, आणि गोधडी वाढत राही. मुलगा सहा वर्षांचा झाला तेव्हा एकदाच्या त्या आमच्या ह्यांच्याबरोबर अहमदाबादला गेल्या.

आठवड्यानं परत आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गॅलरीत वालाचं बिरडं सोलत बसले होते, त्या येऊन शेजारी बसल्या आणि सोलू लागल्या.

"कसं झालं, आत्या?"

"छान झालं गं. हंसा फार लाघवी आहे. मला एका कामाला हात लावू दिला नाही. गोधडी त्याच दिवशी त्याच्या पलंगावर घातली तिनं. पाय बाहेर राहतात त्याचे. आजोबांवर गेलाय, उंच होणार."

"आणि बोलतो का तो तुमच्याशी?"

"बोलतो की. मराठी स्वच्छ बोलतो. हंसानं शिकवलंय हो मुद्दाम, वसंताला कुठला वेळ." त्या हळूहळू वालाचं साल काढत होत्या. "मी खोलीत आले की उठून उभा राहतो. न सांगता पाणी आणून देतो. जेवताना विचारतो, 'आजी, तुम्हाला आणखी वाढायला सांगू का?'"

"गुणी आहे."

"गुणी आहे," आत्या म्हणाल्या. हातातला दाणा त्यांनी ताटलीत टाकला आणि दुसरा घेतला नाही. "मला 'तुम्ही' म्हणतो गं."

 तेवढ्यात माझी धाकटी शाळेतून आली, दप्तर दारात टाकून तशीच धावत सुटली आणि आत्यांच्या गळ्यात पडून ओरडली, "आत्याआजी! तू कधी आलीस? मला न सांगता का गेलीस तू? आता पुन्हा जायचं नाहीस!" आत्यांनी तिला जवळ ओढलं. ती 'मला भूक लागली, सोड' म्हणून चुळबुळ करायला लागली तरी त्यांनी तिला बराच वेळ सोडलं नाही.